हात न लावणारा मदतनीस

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॅथरिन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास फार साधा आहे. अर्धांगवायूच्या रुग्णांची थेरपी चालू असताना निरीक्षक बाजूला बसले आणि त्यांनी मोजलं. अमेरिका आणि कॅनडातली सात केंद्रं, एकूण 312 सेशन. थेरपी चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हता. रुग्णाचा अधू हात एका सेशनमध्ये कामाची हालचाल, म्हणजे वस्तूपर्यंत पोचणं, ती धरणं, उचलून दुसरीकडे ठेवणं, किती वेळा करतो, एवढंच पाहायचं होतं. हातावर काम झालेल्या सेशनांपैकी जेमतेम निम्म्यांत अशी हालचाल घेतली गेली होती आणि जिथे घेतली तिथे सरासरी निघाली 32.

याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवला पाहिजे. मेंदूला इजा झालेल्या प्राण्यांना पुन्हा पंजा वापरायला शिकवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत एकेका दिवसात चारशे ते सहाशे वेळा ती हालचाल करून घेतली जाते. मेंदूची जोडणी नव्यानं बसते हे आपण आज जे ठामपणे सांगतो, ते बरंचसं अशा प्रयोगांच्या आधारानं. म्हणजे सिद्धांत सहाशेच्या जोरावर उभा आहे आणि रुग्णाच्या वाट्याला बत्तीस येतात.

हे पुस्तक या फरकाविषयी आहे. रोबो त्यात नंतर येतो, आणि तो नंतर आलेलाच बरा. या विषयावरचं बरंचसं लेखन रोबोच्या गोल डोळ्यांपासून सुरू होतं आणि तिथेच रमतं.

थेरपिस्ट कमी पडतो म्हणून बत्तीसच होतात असं कुणी समजू नये. अर्ध्यापाऊण तासात रुग्णाला खुर्चीतून उठवायचं असतं, तोल सांभाळायला शिकवायचं असतं, कडक झालेला खांदा सैल करायचा असतो, घरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची असतात आणि मध्ये रुग्ण दमतो. उरलेली मात्रा घरी पूर्ण व्हावी अशी अपेक्षा असते. म्हणून व्यायामाच्या चित्रांचा झेरॉक्स कागद हातात मिळतो. तो कागद पहिला आठवडाभर टीव्हीजवळ असतो, मग औषधांच्या डब्याखाली, आणि पुढच्या तपासणीच्या आदल्या रात्री घरभर शोधला जातो. कोणत्याही फिजिओथेरपिस्टला विचारा, ती हसून हेच सांगेल.

कागद मागे पडतो याला आळस हे कारण सगळ्यात शेवटी येतं. अर्धांगवायूनंतर नैराश्य फार जणांना येतं. हालचाल दुखते. तीच ती हालचाल पन्नास वेळा करूनही काल आणि आज यांत काही फरक दिसत नाही. शिवाय चांगला हात हाताशीच असतो. चहाचा कप त्यानं उचलला की काम भागतं. एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं होतं की अधू अंग वापरून अपयश आलं की प्राणी ते वापरायचंच सोडून देतो आणि पुढे ते अंग सुधारलं तरी वापर परत येत नाही. न वापरण्याची सवय जडते. ती मोडायला रोज, कंटाळवाणं, बिनकौतुकाचं काम लागतं.

इथे मराठी वाचक म्हणेल, आपल्याकडे माणसं आहेत की. अमेरिकेत म्हातारा एकटा राहतो, आपल्याकडे सून आहे, मुलगा आहे, शेजारी आहेत, यंत्र कशाला? हा आक्षेप रास्त आहे आणि तो तपासला गेला आहे. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर ‘अटेंड’ नावाची मोठी चाचणी झाली. घरातल्या एका माणसाला रुग्णालयातच प्रशिक्षण द्यायचं आणि घरी गेल्यावर व्यायामाची जबाबदारी त्याच्यावर सोपवायची, अशी ही पद्धत होती. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड लिंडली त्यात आघाडीवर होते. 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक नव्हता.

यावरून घरच्यांची काळजी वाया जाते असा अर्थ काढू नये, तसा तो निघतही नाही. पण माया आणि मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं तरी त्यातून दिसतं. घरात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. “बाबा, व्यायाम झाला का?” हा प्रश्न चौथ्या दिवशी पोलिसी वाटायला लागतो. आठव्या दिवशी बाबा खोटं सांगतात. आणि ज्या सुनेनं अंघोळ घातली, जेवण भरवलं, रात्री दोनदा उठून कूस बदलून दिली, तिनंच पुन्हा समोर बसून “अजून दहा” म्हणायचं, ही अपेक्षाही अन्यायाचीच आहे. आपल्या घरांत ‘माणसं आहेत’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘एक बाई आहे’ असा असतो.

यंत्रांनी या प्रश्नाला पहिलं उत्तर दिलं ते ताकदीचं. नेव्हिल होगन आणि हरमानो इगो क्रेब्स यांनी एमआयटीमध्ये उभा केलेला ‘एमआयटी-मॅनस’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. रुग्णाचा हात यंत्राच्या बाहूला बांधायचा आणि पडद्यावरच्या खेळाप्रमाणे तो हलवायचा. जिथे रुग्णाचा जोर संपतो तिथे यंत्राचा सुरू होतो. पायांसाठी स्वित्झर्लंडचं ‘लोकोमॅट’ आलं. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हाताच्या पंज्यासाठी ‘प्लूटो’ नावाचं लहान, सुटसुटीत यंत्र तयार झालं. ही सगळी यंत्रं शेकड्यांनी हालचाली करून घेतात. मग प्रश्न सुटायला हवा होता.

तो सुटला नाही. ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर झालेल्या ‘रॅटल्स’ चाचणीचा निकाल 2019 साली ‘लॅन्सेट’मध्येच छापून आला. आठवड्यातून तीनदा, 45 मिनिटं, 12 आठवडे. एका गटाला ‘एमआयटी-मॅनस’, दुसऱ्याला तेवढाच वेळ थेरपिस्टच्या हातून जादाची थेरपी, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. हाताच्या कामकाजाच्या मुख्य मोजमापावर रोबोचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. जादाच्या थेरपीचा गटही ठरला नाही. पुनर्वसनाच्या क्षेत्रात ज्यांनी हयात घालवली त्यांना हा निकाल गिळायला जड गेला असेल.

याचा माझ्यापुरता अर्थ असा: नुसती संख्या वाढवून भागत नाही. हालचाल कुणाच्या इच्छेनं झाली, ती रोजच्या जगण्यातल्या कामाशी जोडलेली होती का आणि सेशन संपल्यावर उरलेल्या तेवीस तासांत त्या हाताचं काय झालं, हे प्रश्न संख्येइतकेच मोठे आहेत. या पुस्तकाचा विषय असलेला रोबो नेमका इथून पुढे सुरू होतो. तो रुग्णाला हात लावत नाही. त्याला जोर लावताच येत नाही. हालचाल करायची ती रुग्णानंच.

2005 साली शिकागोत पुनर्वसन-रोबोंवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माया मातारिच आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड फाइल-सायफर यांनी तिथे एक छोटा निबंध मांडला आणि या जातीच्या यंत्रांची व्याख्या केली: सामाजिक साहाय्यक रोबो, म्हणजे स्पर्शानं नव्हे तर सहवासानं मदत करणारा. बेलग्रेडमध्ये जन्मलेल्या मातारिच बाईंच्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगशाळेत त्याच सुमारास अर्धांगवायूच्या रुग्णांबरोबर पहिले प्रयोग चालू होते. थेरपीची बाजू कॅरोली विन्स्टाइन या अनुभवी फिजिओथेरपिस्ट सांभाळत होत्या, आणि हे महत्त्वाचं आहे; पुढे अनेक ठिकाणी अभियंत्यांनी थेरपिस्टला न विचारता रोबो बनवले आणि ते कोपऱ्यात धूळ खात पडले.

त्या पहिल्या प्रयोगातला रोबो दिसायला काहीच नव्हता. चाकांवरचा एक ठोकळा, त्यावर कॅमेरा आणि अंतर मोजणारा लेझर. रुग्णाच्या दंडाला हालचाल टिपणारा छोटा सेन्सर बांधलेला. काम काय, तर मासिकं उचलून शेल्फवर लावायची. रुग्ण खोलीत फिरेल तसा रोबो अंतर राखून मागे फिरायचा, हात थांबला की आठवण करून द्यायचा, काम झालं की शाबासकी द्यायचा. कधी नुसते आवाज काढून, कधी यंत्राच्या आवाजात बोलून, कधी माणसाच्या ध्वनिमुद्रित आवाजात. रुग्ण मोजकेच होते. पण रोबो सोबत असताना रुग्ण काम जास्त पाळतात, हे त्या मोजक्यांतही दिसलं. ना चेहरा, ना हात, ना गोंडस डोळे.

पुढे त्याच प्रयोगशाळेत आद्रियाना तापुस यांनी आणखी एक पाऊल टाकलं. बुजऱ्या स्वभावाच्या माणसाशी रोबोनं हळुवार, धीर देणारं बोलावं. मोकळ्या, बडबड्या माणसाला आव्हान द्यावं, थोडं डिवचावं. असा स्वभाव जुळला तर माणूस जास्त वेळ टिकतो, असं त्यांच्या छोट्या चाचण्यांत दिसलं. जुन्या तालमीतल्या कोणत्याही वस्तादाला यात नवल वाटणार नाही. कुणाला पाठीवर थाप लागते आणि कुणाला टोमणा, हे तो पोरगा आखाड्यात उतरला की ओळखतो. नवल आहे ते यंत्राला ते मोजून करायला लावण्याचं.

सहवासानं माणूस जास्त काम करतो ही गोष्ट शास्त्रालाही जुनी आहे. 1898 साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी पाहिल्या आणि एकट्यानं घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याबरोबर धावणारे वेगवान असतात हे मांडलं. मग मुलांना मासेमारीची रिळं गुंडाळायला लावून तेच तपासलं. पण तो दुसरा माणूस होता. यंत्रालाही ही जागा मिळते का? येल विद्यापीठातल्या एका प्रयोगाचं मला फार कौतुक वाटतं. रोबोनं माणसांना साधी कामं सांगितली, आणि मध्येच एक विचित्र काम: ही पुस्तकं कचऱ्याच्या डब्यात टाका. रोबो खोलीत प्रत्यक्ष उभा असताना लोकांनी ते जास्त वेळा ऐकलं. तोच रोबो पडद्यावर दिसत असताना कमी वेळा. 2011 साली हे प्रसिद्ध झालं. मातारिच यांच्या प्रयोगशाळेत हुआन फासोला यांनी वृद्धांना बसल्या जागी हाताचे व्यायाम शिकवणारा ‘बँडिट’ नावाचा रोबो आणि पडद्यावरचं त्याचंच चित्र यांची तुलना केली, तेव्हाही वृद्धांनी खोलीतल्या रोबोला पसंती दिली.

त्यामुळे ‘मोबाइलवर ॲप आहे की’ हे उत्तर वाटतं तेवढं पुरेसं नाही. ॲप बंद करता येतं आणि बंद केल्याचं कुणाला काही वाटत नाही. समोर उभ्या असलेल्या वस्तूकडे पाठ फिरवायला, ती वस्तू प्लास्टिकची असली तरी, थोडा संकोच होतो. या संकोचावरच हे सगळं शास्त्र उभं आहे. काहींना हे हास्यास्पद वाटेल. मला तसं वाटत नाही, पण ते नाजूक आहे हे मान्य आहे.

नाजूक म्हणजे किती, हे पाहायचं तर कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे जावं लागतं. या पुस्तकात मी ज्या कामाला सगळ्यात जास्त वजन देतो ते हे. तिथल्या एका हृदयरोग संस्थेत, हृदयविकारातून उठलेल्या रुग्णांच्या ट्रेडमिलसमोर, 58 सेंटिमीटर उंचीचा ‘नाओ’ हा रोबो उभा केला गेला. कार्लोस सिफुएंतेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम बांधलं, युरोपातल्या संशोधकांची साथ होती. हृदय-पुनर्वसनात अर्ध्या वाटेवर सोडून जाणारे रुग्ण ही जगभरची डोकेदुखी आहे. छातीत दुखणं थांबलं की माणसाला वाटतं, झालो बरा.

रोबोचं काम तिथे नीट आखलेलं होतं. रुग्णाच्या छातीवरच्या पट्ट्यावरून हृदयाचे ठोके त्याच्याकडे येतात. ट्रेडमिलवरची चाल सेन्सर टिपतात. किती श्रम वाटतात हे रोबो ठरावीक वेळानं विचारतो आणि रुग्ण स्वीडनच्या गुन्नर बोर्ग यांनी बनवलेल्या सहा ते वीसच्या मोजपट्टीवर उत्तर देतो. रुग्ण खाली पायांकडे पाहू लागला तर चक्कर येण्याचा धोका, म्हणून रोबो मान वर करायला सांगतो. ठोके मर्यादेबाहेर गेले तर तो स्वतः काही करत नाही, थेरपिस्टला बोलावतो. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं अशी विनंती. चांगल्या रचनेची ती खूण आहे.

हा अभ्यास अडीच वर्षं चालला. 43 रुग्ण आले, गळती आणि इतर कारणांनी 26 जणांनी कार्यक्रम पूर्ण केला. काही रुग्णांसाठी रोबो चेहरा ओळखून नावानं हाक मारायचा, गेल्या खेपेची आठवण काढायचा, न आल्याबद्दल विचारायचा. निष्कर्ष आश्वासक होते: उमेद टिकली, हजेरी सुधारली, धोक्याच्या खुणा थेरपिस्टच्या लवकर लक्षात आल्या. पण बहार इरफान आणि सहकाऱ्यांनी 2023 साली लिहिलेल्या अहवालात अपयशंही तितक्याच मोकळेपणानं मांडली आहेत. प्रत्यक्ष रुग्णालयाच्या धावपळीत रोबो चेहरे ओळखण्यात चुकला, सेन्सरनी दगा दिला आणि रोबोकडे पाहण्याची रुग्णांची दृष्टी बदलली. त्याचा उपयोग त्यांना कमी वाटू लागला. मुळीच नाव न घेणाऱ्या यंत्राकडून अपेक्षा नसते. नाव घेणाऱ्याकडून असते, आणि चुकीचं नाव घेतलं की संकोचाच्या जागी हसू येतं. प्रयोगशाळेतल्या दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकात हे कधीच कळत नाही. नवलाई ओसरल्यावर काय उरतं हे पाहायला महिने लागतात, आणि या क्षेत्रातले बहुतेक अभ्यास नवलाईतच संपतात.

लहान मुलांच्या बाबतीत गोष्ट जरा सोपी आहे, कारण मुलांना नाटकात भाग घ्यायला आवडतं. स्पेनमध्ये सेव्हिलच्या विर्खेन देल रोसिओ रुग्णालयात ‘नाओथेरपिस्ट’ नावाचा प्रकल्प झाला. जन्माच्या वेळी खांद्याजवळच्या नसांना इजा झालेली किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं रोबोसमोर उभी राहतात. रोबो हात एका विशिष्ट स्थितीत नेतो, मूल त्याची नक्कल करतं, कॅमेरा दोघांची तुलना करतो आणि चूक असेल तर रोबो पुन्हा दाखवतो. मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्येही ‘नाओ’ घेऊन असंच काम झालं. तिथल्या मंडळींनी रोबो थेट वॉर्डात नेला आणि थेरपिस्टच्या तक्रारी ऐकत ऐकत त्याला घडवलं. कुणाही रुग्णालयाला सुरुवात करायची असेल तर मी हीच रीत सुचवेन.

मोठ्यांना मात्र खेळ पुरत नाही. इस्राएलमध्ये बेअरशेव्हा इथल्या बेन-गुरियन विद्यापीठात शेली लेव्ही-त्झेडेक आणि रोनित फाइनगोल्ड-पोलाक यांनी अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी ‘पेपर’ या माणसाएवढ्या नाही, पण चारेक फुटी रोबोबरोबर जी रचना केली ती मला म्हणून पटते. समोर शेल्फ, त्यावर पेले, बरण्या. रोबो क्रम सांगतो, रुग्ण वस्तू उचलून तशा लावतो, बरोबर की चूक ते रोबो सांगतो. स्वयंपाकघरात लागणारी हालचाल स्वयंपाकघरातल्या वस्तूंवरच. फाइनगोल्ड-पोलाक स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत हे ती रचना पाहूनही कळतं.

अशा कामात एक पेच येतो. अधू हात पुढे जात नसला की रुग्ण कंबरेतून पुढे वाकतो, खांदा कानापर्यंत उचलतो आणि पेला धरतो. काम होतं, हालचाल चुकते. थेरपिस्टच्या हे एका नजरेत लक्षात येतं. यंत्राला ते शिकवावं लागतं, आणि पेला पोचला म्हणून शाबासकी देणारा रोबो रोज थोडं थोडं नुकसान करत राहतो. ब्रिस्टलमध्ये केटी विंकल यांनी आधी थेरपिस्टच्या मुलाखती घेतल्या, थेरपिस्ट रुग्णांना कसं बोलतं करतात हे समजून घेतलं, आणि पुढे धावायला शिकवणाऱ्या एका कार्यक्रमात ‘पेपर’ला एका खऱ्या प्रशिक्षकाकडून शिकवलं: कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं, हे तो दाखवत गेला आणि रोबो उचलत गेला. जाणकार माणसाची नजर यंत्रात उतरवण्याची हीच वाट मला खरी वाटते.

आता आक्षेप. एमआयटीच्या शेरी टर्कल अनेक वर्षं सांगत आल्या आहेत की काळजीचा अभिनय करणारं यंत्र समोर ठेवून आपण एकट्या माणसाची फसवणूक करतो. बाहुलीला कवटाळून बसलेल्या वृद्धेबद्दल हा आक्षेप मला अगदी मान्य आहे. व्यायामाच्या रोबोबद्दल तो तेवढा लागू पडत नाही, कारण इथे रुग्णाला प्रेम नको असतं. मोजणारा, न कंटाळणारा आणि न चिडणारा कुणीतरी हवा असतो. पण रोबो आला म्हणून मुलगा संध्याकाळी खोलीत डोकावेनासा झाला, तर टर्कल बाई बरोबर ठरतील.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. या क्षेत्रातल्या कंपन्या टिकत नाहीत. सिंथिया ब्रीझील यांचा घरगुती रोबो ‘जिबो’ 2017 साली बाजारात आला आणि 2019 साली त्याचे सर्व्हर बंद होत असल्याचं त्यालाच मालकांना सांगावं लागलं. वरच्या अनेक प्रयोगांत ज्या ‘नाओ’ आणि ‘पेपर’चं नाव आलं, ते बनवणारी फ्रान्सची अल्डेबरान कंपनी 2025 साली दिवाळखोरीत निघाली. एका रुग्णालयानं काही लाख रुपये घालून रोबो घ्यावा आणि तीन वर्षांनी त्याचा सुटा भाग मिळू नये, हे आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत धूळ खाणाऱ्या यंत्रांची यादी पाहता मुळीच अशक्य नाही. आणि घरात रोबो म्हणजे घरात कॅमेरा. आजारी माणसाच्या खोलीतलं चित्रण कुठे साठतं, कोण पाहतं, हे विचारण्याचा हक्क 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. विचारायची सवय मात्र अजून नाही.

मग आपल्याला हे कसं पेलवेल? केरळातल्या एका उदाहरणाकडे मी वाचकांचं लक्ष वेधतो, जरी ते पुनर्वसनाचं नाही. अमृता विद्यापीठ आणि ग्लासगो विद्यापीठ यांनी मिळून वायनाडच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत हात धुण्याच्या जागी भिंतीवर ‘पेपे’ बसवला. हिरव्या पंजाच्या आकाराची पेटी, हलणारे डोळे, बोलणारा आवाज. मुलांचं हात धुणं सुमारे 40 टक्क्यांनी वाढलं. त्याला ना पाय होते, ना माणसासारखं शरीर. लॉस एंजेलिसच्या त्या पहिल्या ठोकळ्यालाही नव्हतं. समोर असणं, पाहणं आणि वेळेवर बोलणं एवढंच जर काम करत असेल, तर जपानी किंवा फ्रेंच रोबोची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. कॅमेरा, मराठी बोलणारा आवाज आणि हलणारं डोकं एवढ्यावर तालुक्याच्या फिजिओथेरपी केंद्रात चालेल असं काहीतरी आपल्याकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी बनवू शकतात. मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर एक फिजिओथेरपिस्ट आणि एक रुग्ण बसलेला हवा. “आजी, खांदा खाली, अजून दोन” हे कोणत्या सुरात म्हटलं तर गावातली सत्तर वर्षांची बाई मान डोलावेल आणि कोणत्या सुरात म्हटलं तर तोंड फिरवेल, हे त्यांनाच कळेल.

पुढची प्रकरणं सलग वाचायलाच हवीत असं नाही. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी व्यायाम का सुटतो याबद्दलचं प्रकरण आधी वाचावं. रोबो न घेताही त्यातलं बरंच उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांनी बोगोटाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि त्यातल्या अपयशांचा भाग दोनदा वाचावा. अभियंत्यांनी हालचाल कशी चुकते याबद्दलचं प्रकरण सोडू नये.

माझं मत इथेच नोंदवून ठेवतो, म्हणजे वाचताना ते बाजूला ठेवायचं की बरोबर घ्यायचं हे वाचकाला ठरवता येईल. रोबो सोबत असला की माणसं व्यायाम जास्त करतात, याला आता बऱ्यापैकी आधार आहे. त्यामुळे हात किंवा पाय इतर उपायांपेक्षा जास्त सुधारतो, याला आधार अजून विरळ आहे. म्हणून रोबोची जागा थेरपिस्टच्या दोन भेटींच्या मध्ये आहे. भेटीच्या ऐवजी नाही. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला कुणी याच्या उलट सांगून एक फिजिओथेरपिस्ट कमी करायचा सल्ला देत असेल, तर त्याला या पुस्तकाचा आधार मिळणार नाही.

आणि विक्रेता तुमच्या दारी आला, रोबो नाचला, त्यानं नमस्कार केला, सगळे टाळ्या वाजवून मोकळे झाले की त्याला एवढंच विचारा: ज्यांनी हा घेतला, त्यांच्यापैकी किती रुग्ण चौथ्या महिन्यात अजून व्यायाम करत होते, आणि ते कुणी मोजलं? उत्तर कागदावर मागा.